सिलिंडर बोअरिंगला देण्याआधी डावे-उजवे बदलून पाहा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला आणि दसरा जवळ आला की कोल्हापुरात पेठापेठांतून ताडपत्रीखालच्या गाड्या बाहेर निघतात. पूजेला गाडी चालू पाहिजे, म्हणून तीन-चार महिने उभ्या असलेल्या येझदी, बुलेट आणि राजदूत ३५० एकदम किक खायला लागतात. यातली राजदूत ३५०, म्हणजे जिला सगळे आरडीच म्हणतात ती दोन सिलिंडरची गाडी, हमखास एकाच सिलिंडरवर सुरू होते. एका सायलेन्सरमधून धूर येतो, दुसरा गारच राहतो. मालक घाबरतो, कोणीतरी ‘बोअर गेलाय’, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत झिजली, असे सांगतो आणि दोन दिवसांत सिलिंडर उद्यमनगरात आतले भोक कातून मोठे करणाऱ्या बोअरिंगच्या मशीनवर चढलेला असतो. पुष्कळदा दोष असतो ठिणगीच्या बाजूच्या एखाद्या कंडेन्सरमध्ये किंवा कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पायलट जेटमध्ये. बोअर करून, नवीन पिस्टन-रिंग घालून गाडी जोडली, तरी ती परत एकाच सिलिंडरवर चालते.

यात पैसे जातात ते जातातच, पण खरे नुकसान भरून न येणारे आहे. आरडीचा मूळ बोअर ६४ मिमी. त्यावर ओव्हरसाइज पिस्टन मिळतात ते ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीचे. म्हणजे सिलिंडरच्या आयुष्यात बोअर करण्याच्या चारच पायऱ्या. एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८३ मध्ये आणली आणि १९९० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या काळचे मूळ सिलिंडर आता त्या कारखान्यांत ओतले जात नाहीत. गरज नसताना केलेला एक बोअर त्या गाडीची एक पायरी कायमची खाऊन टाकतो. म्हणून हे पत्र.

दोन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर बंद पडला, तर दोष शोधायचे सर्वांत चांगले साधन त्याच गाडीत बसवलेले असते, ते म्हणजे चालू असलेला दुसरा सिलिंडर. आरडीत दोन्ही बाजूंना प्लग, कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी), पॉइंट (कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर आणि कार्बोरेटर वेगवेगळे आहेत. एका वेळी एकच वस्तू डावीकडून उजवीकडे न्यायची आणि दोष तिच्याबरोबर सरकला की जागेवरच राहिला हे पाहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुरू होईलही, पण कशामुळे झाली ते कळणार नाही आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा सुरू होईल.

आधी कोणता सिलिंडर बंद आहे ते नक्की करावे. थंड गाडी सुरू करून अर्धा मिनिट चालू द्यावी आणि दोन्ही सायलेन्सर पाइपांवर सिलिंडरजवळ पाण्याचे थेंब टाकावेत. चालू बाजूला पाणी चरचरून उडते, बंद बाजूला तसेच ओघळते. चालत्या गाडीची प्लग कॅप उपसून पाहण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडलेली बरी. मोकळ्या सुटलेल्या उच्च दाबाच्या विजेला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलचे इन्सुलेशन फोडून वाट काढते. ज्या आरडीला पॉइंट काढून सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवलेला आहे, तिथे तर युनिटच जळू शकते.

त्यानंतर सिलिंडर केव्हा बंद असतो ते पाहावे. फक्त आयडलिंगला मेलेला असतो आणि अर्धा थ्रॉटल दिला की जागा होतो? मग पायलट जेट, एअर स्क्रू किंवा हवेची गळती. गार असताना ठीक, पण गरम झाल्यावर सुटतो आणि अर्धा तास थांबून परत चालतो? तर कॉइल किंवा कंडेन्सर. वरच्या वेगाला गुदमरतो? मग मेन जेट, पेट्रोलचा पुरवठा किंवा त्या बाजूचा कार्बनने भरलेला सायलेन्सर बॅफल. एवढ्या निरीक्षणानेच शोधाची निम्मी जागा वगळली जाते आणि त्याला पाना लागत नाही.

आता प्लग. दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवावेत. बंद बाजूचा प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल येते आहे, ठिणगी पडत नाही किंवा चुकीच्या वेळी पडते. प्लग कोरडाठाक आणि फिका असेल, तर पेट्रोलच पोचत नाही किंवा कुठून तरी हवा ओढली जाते. काळा, तेलकट, ओघळणारा असेल तर पुढे सीलबद्दल लिहिले आहे ते पाहावे. दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा बारीक धागा अडकलेला असेल, तर तो काढून प्लग परत लावला की काम होते. आरडीला बी८एचएस हा प्लग आणि ०.६ ते ०.७ मिमी गॅप. गॅप फीलर गेजने लावावा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. मग दोन्ही प्लग अदलाबदल करून गाडी सुरू करावी. बंद सिलिंडर बाजू बदलून गेला तर प्लग खराब, विषय संपला. प्लग हाताने बसेपर्यंत फिरवून, वॉशर नवीन असेल तर पान्याने आणखी अर्धा फेरा पुरतो. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जास्त जोर सहन करत नाहीत.

प्लग टेकवून ठिणगी दिसली म्हणजे ती पुरेशी आहे असे समजू नये. उघड्या हवेत ०.७ मिमी उडणारी अशक्त ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते. प्लग कॅप काढून वायरचे टोक हेडच्या फिनपासून ६ मिमीवर धरावे (रबरी हातमोजा किंवा चांगल्या इन्सुलेशनचे पक्कड वापरूनच) आणि किक मारावी. तेवढे अंतर जाड, निळी ठिणगी ओलांडत असेल तर विजेची बाजू ठीक आहे. पिवळसर, बारीक, कधी पडते कधी नाही, असे असेल तर नाही. ही तपासणी पॉइंटच्या गाडीवरच करावी, सीडीआयवर नको. आणि प्लग काढलेल्या भोकातून किकसरशी पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिच्यासमोर ठिणगी पाडू नये. भोकावर जाड फडके कोंबावे आणि ठिणगी लांब, दुसऱ्या टोकाला पाहावी. या एका दुर्लक्षामुळे गाड्या पेटतात.

प्लग चांगला असून ठिणगी अशक्त असेल, तर कॉइलची अदलाबदल. टाकी काढल्यावर दोन्ही कॉइल दिसतात. डाव्या पॉइंटची वायर उजव्या कॉइलला, उजव्या पॉइंटची डाव्या कॉइलला जोडावी आणि त्याच वेळी दोन्ही प्लग कॅपाही एकमेकींच्या जागी लावाव्यात. असे केले की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बरोबरच राहते, फक्त प्रत्येक सिलिंडरला दुसऱ्या बाजूची कॉइल मिळते. बंद सिलिंडर बाजू बदलून गेला, तर दोष कॉइल, तिची वायर किंवा कॅप यांत आहे. कॅपमध्ये साधारण ५ किलोओहमचा रोध असतो. मल्टिमीटर तिथे काहीच दाखवत नसेल, तर कॅप मेलेली आहे आणि कॉइलला उगीच दोष दिला जातो. वायरचे कॅपमधले टोक पाऊण सेंटीमीटर कापून कॅप पुन्हा स्क्रूसारखी फिरवून बसवली की पावसाळ्यातले हिरवे पडलेले टोक निघून जाते. अनेकदा एवढ्यानेच सिलिंडर परत येतो. बंद सिलिंडर जागेवरच राहिला, तर कॉइल निर्दोष. अदलाबदल करण्यापूर्वी कंडेन्सर पॉइंटच्या बाजूला जोडलेला आहे की कॉइलच्या, ते वायर माग काढून बघावे. इतक्या वर्षांत प्रत्येक गाडीचे वायरिंग कोणी ना कोणी बदललेले असते, आणि अदलाबदलीत कंडेन्सर कोणाबरोबर गेला त्यावर निष्कर्ष अवलंबून असतो.

पॉइंट आणि कंडेन्सर हा या गाड्यांचा सर्वांत जास्त चुकवला जाणारा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या पॉइंटवर पातळ थर धरतो. वीज जातच नाही, त्यामुळे ठिणगीही नाही. बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे आणि नंतर कोरे जाड कागद पॉइंटमध्ये धरून ओढावे, म्हणजे पेपरचे कण राहणार नाहीत. हे शेवटचे काम लोक टाळतात आणि मग घासूनही ठिणगी येत नाही म्हणून नवीन पॉइंट आणतात. कॅमवर फिरणाऱ्या फायबरच्या टाचेला वंगण देणारा फेल्ट कोरडा असेल, तर त्याला तेलाचा एक थेंब द्यावा, जास्त नको. कोरडी टाच झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. गॅप ०.३० ते ०.४० मिमी, पॉइंट पूर्ण उघडलेला असताना. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नये, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतेच.

टायमिंग प्रत्येक सिलिंडरचे वेगळे लावायचे असते. प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पिस्टनचा वरचा मृत बिंदू (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) शोधावा, क्रँक उलटा फिरवून त्या बिंदूपासून ठरलेल्या अंतराच्या बरेच खाली जावे आणि मग चालण्याच्या दिशेने हळूहळू वर येत पॉइंट कोठे उघडतो ते पाहावे. आरडीला हे अंतर सुमारे २ मिमी आहे, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकात पाहावा. इग्निशन चालू ठेवून पॉइंटच्या वायरपासून बॉडीपर्यंत छोटा बल्ब जोडला, की पॉइंट उघडताक्षणी तो लागतो. एका बाजूचे लावून झाले की दुसऱ्या बाजूचे लावावे आणि परत पहिले तपासावे, प्लेट हलवताना ते सरकलेले असू शकते. गाडी बंद असताना इग्निशन उगाच चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेले असतील, तर कॉइलमधून सतत वीज वाहते आणि कॉइल तापून जाते. आणि दोन्ही बाजूंचे टायमिंग नीट लावूनही दर वेळी वेगळे येत असेल, तर पॉइंटच्या बाजूचे मेन बेअरिंग ढिले आहे, क्रँकच डोलतो आहे. तिथे प्लेट कितीही सरकवून उपयोग नाही, तो खर्च खराच आहे.

कंडेन्सरचे निदान डोळ्यांनीही होते. गाडी चालू असताना अंधारात पॉइंटकडे पाहावे. बारीक निळे टिकले दिसणे ठीक, पण मोठी पांढरी ठिणगी उडत असेल आणि पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल, तर कंडेन्सर आतून तुटलेला आहे. तो शॉर्ट झालेला असेल तर पॉइंट उघडूनही कॉइलची वीज तुटत नाही, म्हणून ठिणगी अजिबात येत नाही. सुमारे ०.२२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर क्लिप लावून तात्पुरता जोडून पाहावा, जुन्याची वायर मात्र आधी सोडवून. बाजारात मिळणारे काही नवे कंडेन्सर पहिल्याच दिवशी गरम झाल्यावर बंद पडतात, म्हणून नवीन बसवला एवढ्यावर ती शक्यता वगळू नये. जुना मूळ कंडेन्सर चालत असेल तर तो फेकून देऊ नये.

बॅटरीही पाहावी. आरडीची ठिणगी बॅटरीवर चालते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते. बॅटरीच्या टोकांवर आणि कॉइलच्या येणाऱ्या वायरवर, पॉइंट मिटलेले असताना, झटपट रीडिंग घ्यावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर तो इग्निशन स्विच, किल स्विच किंवा एखाद्या गंजलेल्या कपलरमध्ये खर्च होतो आहे. त्यामुळे दोन्ही कॉइल कमकुवत पडतात आणि आधीच कुरकुरत असलेली बाजू पहिल्यांदा जाते.

विजेची बाजू ठीक निघाली तर पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाशी त्याचे नाते आहे आणि शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९८० च्या दशकातल्या रबरी नळ्या, फ्लोट नीडलची टोके आणि टाकीचे आतले लेप इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. रबर फुगते, लेप सुटून चिकट गाळ होतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी उभी राहिली आणि झाकणातून पाणीही झिरपले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाला बसतो. रिझर्व्हचे तोंड तळाशी असल्यामुळे तो थर पहिल्यांदा कार्बोरेटरमध्ये उतरतो. तपासायला सोपे आहे. दोन्ही कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलमधले पेट्रोल दोन वेगवेगळ्या पारदर्शक बाटल्यांत काढावे आणि पाच मिनिटे ठेवावे. एकीत तळाला वेगळा थर दिसला, तर बंद सिलिंडर बहुतेक त्याच बाजूचा असतो. मग टाकी पूर्ण रिकामी करायची, वरून ताजे पेट्रोल ओतून भागत नाही. पुढच्या वर्षी गाडी उभी करताना टाकी गळ्यापर्यंत भरावी, किंवा टाकी आणि फ्लोट बाउल दोन्ही कोरडे करून ठेवावेत. अर्धी टाकी ठेवणे सर्वांत वाईट.

पायलट जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. सुकलेल्या पेट्रोलचा थेंबभर चिकटा ते बंद करायला पुरतो. कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा वापरावी, फार तर वायरमधली तांब्याची एक तार. पोलादी सुई किंवा गिटारची तार घातली की पितळेचे भोक मोठे होते आणि त्या बाजूचे मिश्रण कायमचे घट्ट (पेट्रोल जास्त) राहते. जेट दिव्याकडे धरून गोल प्रकाश दिसला पाहिजे. एअर स्क्रू अलगद शेवटपर्यंत आवळून साधारण दीड फेरा सोडावा, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि तिथून सूक्ष्म बदल करावा. थ्रॉटलच्या दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, ते एअर फिल्टर काढून बोट लावून पाहावे. एक स्लाइड उशिरा उठत असेल, तर तो सिलिंडर हळू वेगात कामच करत नाही, नुसता ओढला जातो. केबलचा अॅडजस्टर दोन फेरे फिरवण्याचे हे काम आहे. कार्बोरेटर आणि रीड व्हॉल्व्ह यांच्यामधल्या रबरी नळकांड्याला वळवून पाहावे. बाहेरून अखंड दिसते, वाकवले की तडे उघडतात.

एवढे करूनही सिलिंडर बंद असेल, तरच कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, गेजचा काटा वर चढणे थांबेपर्यंत किक मारावी. चांगल्या आरडीत साधारण १०० ते १३० पीएसआय मिळते. त्या आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक महत्त्वाचा. तो १५-२० पीएसआयच्या पुढे गेला, तर हेड गॅस्केट, रिंग किंवा बोअर यांकडे पाहायला हरकत नाही. हेडच्या कडेला साबणाचे पाणी लावून किक मारली आणि बुडबुडे आले, तर गॅस्केटच गेलेली आहे.

आरडीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र वरचे कॉम्प्रेशन चांगले असूनही सिलिंडर बंद राहू शकतो, कारण मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) ओढले जाते आणि तिथून वर ढकलले जाते. आरडीत प्रत्येक सिलिंडरचा क्रँककेस वेगळा आहे. क्लचच्या बाजूचे ऑइल सील गेले तर गिअरबॉक्सचे तेल ओढले जाते. त्या बाजूचा प्लग तेलाने भिजतो, पांढरट धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी खाली जाते. पॉइंट असलेल्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडूनही वेग उतरत नाही. हे दुर्लक्षित राहिले तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. महिनोन्महिने उभ्या गाडीत सीलच्या ओठांतले तेल सुकते, म्हणून हा दोष नेमका पावसाळ्यानंतर दिसतो. खात्री करायला इंटेक आणि एग्झॉस्ट घट्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरावी. ती मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. यासाठी जुनी ट्यूब, एक लहान पंप आणि कमी दाबाचा गेज पुरतो. उद्यमनगरात असला जुगाड कोणीही तासाभरात करून देईल. हे न करता बोअर करणे म्हणजे गळकी भिंत सोडून छप्पर बदलणे.

एक गोष्ट लक्षात असू द्या. मूळ ऑइल पंप असलेल्या आरडीत, गाडी बरेच दिवस उभी राहिली की पंपाच्या झडपेतून टू-टी ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये झिरपते. पहिल्या किकला एक प्लग तेलात बुडतो आणि निळा धूर गल्ली भरून टाकतो. प्लग धुऊन, चार-पाच वेळा किक मारून, गाडी दहा मिनिटे चालवली की धूर संपतो. हा दोष सीलचा नाही, बोअरचा तर नाहीच.

एक सिलिंडर बंद असताना ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी चालवू नये. ठिणगी नसेल तर कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि सायलेन्सरमध्ये साठते. पेट्रोल येत नसेल आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर त्या पिस्टनला वंगणच मिळत नाही. मग बोअर खरोखर जातो.

एका सिलिंडरच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. येझदीला दोन सायलेन्सर असले तरी सिलिंडर एकच आहे, तिथे डाव्या-उजव्याची तुलना नाही. पण प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोल, कॉम्प्रेशन हा क्रम तोच. जुन्या बुलेट ३५० मध्ये पॉइंट गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, टायमिंग ०.८ मिमी, अॅडव्हान्सचे स्प्रिंग पूर्ण मिटलेले असताना. इग्निशन चालू करून किक हळूहळू खाली दाबली की अमीटरचा काटा वजा बाजूला जातो आणि परत मध्यावर येतो. तो हलतच नसेल तर पॉइंटमधून वीज जात नाही, कार्बोरेटर उघडायची वेळ अजून आलेली नाही.

पुराबद्दलही लिहिले पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या गाडीला किक मारूच नये. क्रँककेसमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढावेत, टाकी, कार्बोरेटर, गिअर ऑइल, सायलेन्सर रिकामे करावेत, मग प्लगच्या भोकातून दोन चमचे तेल घालून हाताने चाक फिरवावे. गिअर ऑइल दुधाळ असेल तर नवीन भरून थोडे चालवून पुन्हा बदलावे.

यात सार्वजनिक प्रश्नही आहे. एक सिलिंडर बंद असलेली गाडी न जळलेले पेट्रोल थेट हवेत सोडते. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमची मर्यादा आहे. नीट चालणारी जुनी टू-स्ट्रोक त्या मर्यादेत बसू शकते, एका सिलिंडरवर चालणारी बसणे अवघड. पीयूसी केंद्रांनी अशी गाडी परत पाठवताना दोन्ही सायलेन्सरचे रीडिंग वेगवेगळे घेऊन कागदावर दिले, तर मालकाला कोणता सिलिंडर बिघडलेला आहे ते तिथेच कळेल.

उद्यमनगरातल्या बोअरिंगवाल्यांना एक विनंती. हातात सिलिंडर आला की मशीन लावण्यापूर्वी बोअर गेजने सहा मापे घ्यावीत. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी गाडीच्या लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने. वरचे माप रिंग जिथून परतते तिथले घ्यावे, पोर्टच्या कडांवरचे नको. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक ०.०५ मिमीच्या आत असेल आणि भिंतीवर खोल ओरखडे नसतील, तर तसे गिऱ्हाइकाला सांगून सिलिंडर परत द्यावा. बोअर करायचाच असेल, तर आधीची सहा मापे, नवीन साइज आणि पिस्टनचा गॅप एका चिठ्ठीवर लिहून सिलिंडरबरोबर द्यावा. काही जुने कारागीर हे आजही करतात. सगळ्यांनी केले, तर उरलेल्या आरडींचे उरलेले बोअर वाचतील.

आपला,
जुन्या मोटारसायकलींच्या दुरुस्तीतला एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर